स्टुडिओतील मैफल आणि गाणाऱ्याचा हक्क

जानेवारी २०२५ च्या उत्तरार्धात ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडने नवी मुंबईत तीन आणि अहमदाबादेत दोन कार्यक्रम केले. शेवटच्या कार्यक्रमाला दोन दिवस होतात न होतात तोच, भुवनेश्वर येथील गुंतवणूकदारांच्या परिषदेत पंतप्रधानांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’ हा शब्दप्रयोग केला. राज्यांनी आणि खासगी क्षेत्राने तिच्यासाठी लागणाऱ्या सोयी व कौशल्ये उभारावीत, असे आवाहनही केले. तेव्हापासून संगीताविषयीचे सरकारी चिंतन मैदानांची आसनक्षमता, हॉटेलांतील खोल्या आणि परवान्यांसाठीची एक खिडकी यांभोवती फिरू लागले आहे. त्यात गैर काही नाही. एका कार्यक्रमाला लाखभर माणसे जमत असतील, तर त्यांच्या पाण्याची आणि परतीच्या वाटेची काळजी कोणीतरी घ्यायलाच हवी.

परंतु ज्यांना आपण ‘स्वतंत्र’ संगीतकार म्हणतो, म्हणजे जे चित्रपटासाठी गात-वाजवत नाहीत आणि ज्यांच्यामागे मोठी ध्वनिमुद्रण कंपनी उभी नाही, त्यांची श्रोत्यांशी पहिली गाठ सहसा मैदानात पडत नाही. ती पडते एका लहानशा बंदिस्त खोलीत. भिंतींना आवाज शोषणारे अस्तर, सहा-आठ मायक्रोफोन, दोन-तीन कॅमेरे, वर्तुळात उभे राहिलेले पाच-सहा जण आणि समोर एकही प्रेक्षक नाही. गाणे सुरू झाले की ते शेवटपर्यंत एका दमात वाजते, आणि जसे वाजते तसेच आपल्या फोनवर येते. गेल्या पंधरा वर्षांत शिलाँगचा ब्लूज, कोचीचा रॉक, बाडमेरचे मांगणियार गायन, चेन्नईचे गाना संगीत आणि मुंबईचे रॅप यांतील पुष्कळ काही देशभरातील श्रोत्यांनी प्रथम ऐकले ते याच स्वरूपात. या प्रकाराला मराठीत रूढ नाव नाही. आपण त्याला स्टुडिओ-मैफल म्हणू.

ही ना धड तबकडी, ना धड मैफल. तबकडीत चूक पुसता येते, मैफलीत श्रोत्यांची दाद चूक झाकून टाकते. इथे दोन्ही सोयी नाहीत. कलावंताचा कस जितका इथे लागतो तितका फार थोड्या ठिकाणी लागत असेल. भारतीय श्रोत्याला त्यात आणखी एक नवल आहे. आठ दशकांहून अधिक काळ आपण पार्श्वगायनावर पोसलो आहोत. पडद्यावर ओठ एकाचे, आवाज दुसऱ्याचा, आणि वाजवणारे पन्नास जण कुठे होते याचा पत्ताच नाही. स्टुडिओ-मैफलीत मात्र घटम वाजवणारा दिसतो, बेस गिटारवर बोटे कुणाची आहेत ते दिसते, मागे उभी राहून दुसरा सूर धरणारी गायिका दिसते. संगीत हे श्रम आहे आणि ते अनेकांचे श्रम आहेत, ही साधी गोष्ट आपल्याला पुन्हा दिसू लागली ती या प्रकारामुळे. म्हणूनच या श्रमांचे पुढे काय होते, हा प्रश्नही इथेच नीट विचारता येतो.

केरळचे उदाहरण घेऊ. मल्याळम चित्रपटसंगीत समृद्ध आहे आणि त्याची लोकप्रियता एवढी की अन्य संगीताला जागा मिळणे कठीण. अशा ठिकाणी मातृभूमी समूहाच्या ‘कप्पा टीव्ही’ या वाहिनीने २०१३ मध्ये ‘म्युझिक मोजो’ हा कार्यक्रम सुरू केला. कल्पना साधी होती. बँडला स्टुडिओत बोलवायचे, त्यांची गाणी सलग वाजवून घ्यायची, चित्रित करायची आणि दाखवायची. ‘थैक्कुडम ब्रिज’ हा कोचीतील एका वस्तीचे नाव लावणारा समूह याच कार्यक्रमातून घरोघरी पोहोचला. जुन्या चित्रपटगीतांची त्यांनी गुंफलेली माळ आणि माशांच्या नावांवर रचलेले त्यांचे रॉक गीत केरळबाहेरच्या मल्याळी माणसांनी आखातापर्यंत नेले. ‘मसाला कॉफी’ हा दुसरा समूहही याच वाटेने पुढे आला. या बँडना पुढे देशोदेशी कार्यक्रम मिळाले ते या चित्रफितींच्या बळावर. मोठ्या मैदानाकडे जाणारा रस्ता लहान खोलीतून जातो, हे ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’च्या आराखड्यात कुठे दिसत नाही.

आता थोडे मागे जाऊ. कारण स्टुडिओ-मैफल ही यूट्यूबच्या काळातील टूम आहे असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. ती निपजली धोरणातून. ब्रिटनमध्ये बीबीसी, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्यात एक करार होता. दिवसातून ठरावीक तासांपेक्षा अधिक काळ रेडिओवर तबकड्या वाजवता येत नसत. ग्रामोफोनच्या सुईवरून या मर्यादेला ‘नीडल टाइम’ म्हणत. तबकड्याच वाजू लागल्या तर वादकांची पोटे कशी भरायची, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. उरलेला वेळ भरण्यासाठी बीबीसीला हाडामांसाचे वादक स्टुडिओत आणावे लागत. जॉन पील या निवेदकाने १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत जी स्टुडिओ-ध्वनिमुद्रणे प्रसारित केली, ती सुमारे चार हजार भरतात. दोन हजारांहून अधिक कलावंत त्यात आहेत, आणि त्यांतील कित्येकांना तोवर कोणत्याही कंपनीने दारात उभे केलेले नव्हते. नीडल टाइमची मर्यादा १९८० च्या दशकाच्या शेवटी उठली, तोवर ही परंपरा पक्की रुजली होती. कामगार-हिताच्या एका रूक्ष अटीतून सांस्कृतिक संपत्ती कशी निर्माण होते, याचे हे उदाहरण आपल्या धोरणकर्त्यांनी जरूर पाहावे.

आपल्याकडे हे काम आकाशवाणीने केले, आणि बीबीसीपेक्षा कितीतरी मोठ्या भूभागावर केले. ध्वनिफिती सर्रास येण्यापूर्वी रेडिओवरील गायन-वादन हे थेटच असे. तांबडा दिवा लागला की खोलीतला सूर त्याच क्षणी गावोगावी पोहोचे. १९५२ मध्ये माहिती व प्रसारणमंत्री झालेले, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि पुढे आकाशवाणी संगीत संमेलन सुरू करून शास्त्रीय संगीताला मोठे व्यासपीठ दिले. त्याच वेळी चित्रपटगीतांना कात्री लावून श्रोत्यांना रेडिओ सिलोनच्या हवाली केले. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली ती यामुळेच. कलावंतांची श्रेणी ठरवणाऱ्या चाचण्यांवरून आणि त्या घेणाऱ्या श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्या मंडळावरून मुंबईत गायक-वादकांनी केलेला विरोध जुन्या रसिकांना आठवत असेल. हार्मोनियमला तर १९४० पासून तीन दशके आकाशवाणीची दारे बंद होती. कोणते वाद्य भारतीय आणि कोणते नाही, हे दिल्लीत ठरत होते.

या सोवळेपणावर टीका झाली आणि ती योग्यच होती. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आजच्या चकचकीत स्टुडिओत नाही. गाणाऱ्याला श्रेणीनुसार ठरलेली बिदागी मिळे, तिचा लेखी करार असे, आणि निवेदक गायकाबरोबर तबल्याच्या व सारंगीच्या साथीदाराचेही नाव घेई. सारंगीवाले आणि तबलजी यांच्या कित्येक पिढ्या आकाशवाणीच्या नोकरीवर जगल्या. सरकारने कलावंताला आश्रित करून ठेवले असे म्हणा हवे तर, पण त्याला अनामिक ठेवले नाही.

ती जागा आता प्रायोजकांनी घेतली आहे. २००८ मध्ये पाकिस्तानात रोहेल हयात यांनी ‘कोक स्टुडिओ’ उभा केला आणि सूफी कव्वालापासून पॉप गायकापर्यंत सर्वांना एका छताखाली आणले. तो भारतात इतका ऐकला गेला की २०११ मध्ये एका संगीत वाहिनीच्या सहकार्याने त्याची भारतीय आवृत्ती आली. पुढच्याच वर्षी अमित त्रिवेदी यांच्या संयोजनात मामे खान या राजस्थानी मांगणियार गायकाचे ‘चौधरी’ देशभर गाजले. तेच मामे खान २०२२ मध्ये भारतीय शिष्टमंडळातून कान महोत्सवाच्या लाल गालिच्यावर चालले. ही किमया एका शीतपेयाच्या जाहिरात-निधीची आहे, हे मान्य करायला हवे. २०११ मध्येच आलेल्या ‘द डेवारिस्ट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेने वेगवेगळ्या प्रांतांतील संगीतकारांना एकत्र बसवून नवी गाणी रचायला लावली. तिच्या नावातच एका स्कॉच व्हिस्कीचे नाव होते. २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच ७ वीकेंडर’ या स्वतंत्र संगीताच्या महोत्सवाच्या नावाआधी रमचे नाव लागे.

योगायोग नव्हे हा. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनुसार मद्याची जाहिरात दूरचित्रवाणीवर करता येत नाही. त्यामुळे मद्य कंपन्यांनी सोडा, पाणी, ‘म्युझिक सीडी’ आणि संगीत महोत्सव यांचा आडोसा शोधला. ज्या देशात सीडी वाजवायचे यंत्रच घरातून नाहीसे झाले, त्या देशात तिच्या जाहिराती जोमात राहिल्या. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे आणली. आरोग्याच्या दृष्टीने ती आवश्यकच होती. पण या आडोशाखाली स्वतंत्र संगीताचा संसार चालला होता, आणि आडोसा काढताना त्या संसाराची पर्यायी व्यवस्था काय, असा प्रश्न एकाही मंत्रालयाने विचारला नाही. एक खाते दार बंद करते आणि दुसऱ्या खात्याला त्याची खबर नसते, ही आपली जुनी रीत.

प्रायोजकाने पैसे दिले म्हणून संगीत बिघडते, असे माझे म्हणणे नाही. दरबार, देवस्थाने आणि गिरण्यांचे मालक यांच्या पैशावर उत्तमोत्तम संगीत झाले आहे. प्रश्न असा की खोलीचे भाडे जो देतो, तो त्या खोलीत जे घडले त्याचा मालक होतो का आणि किती काळ. इथे आपल्याला कायद्याकडे वळावे लागते.

भारतात दीर्घकाळ गाणाऱ्याला कायद्याने काहीच हक्क नव्हता. कवीला होता, संगीत रचणाऱ्याला होता, तबकडी काढणाऱ्या कंपनीला होता, गळ्याला नव्हता. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात साठच्या दशकात जो अबोला झाला, त्याच्या मुळाशी गायकाला रॉयल्टी मिळावी की नाही हाच मतभेद होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वेगळ्याच वादाचा निकाल देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टिप्पणी जोडली. मैफलीला मोल येते ते गाणाऱ्यामुळे, आणि त्यालाच हक्क नाकारणे हे भारतीय वृत्तीला धरून नाही, असा तिचा आशय होता. संसदेला जाग यायला १९९४ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘सादरकर्त्याचा हक्क’ आला. त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत जादूगार आणि गारुडीदेखील आहेत. कायदा इतका उदार एरवी क्वचितच असतो.

तरीही एक फट राहिली. कायद्यातील व्याख्या ‘थेट’ सादरीकरणाविषयी बोलते. मग बंद स्टुडिओत, श्रोत्यांविना गायलेले गाणे थेट म्हणायचे का? २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे नेहा भसीन यांचे प्रकरण आले. एका चित्रपटगीतात आपण मुख्य गायिका असताना आपले नाव साथ देणाऱ्यांत टाकले, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने दिलेले स्पष्टीकरण मोलाचे आहे. प्रत्येक सादरीकरण मुळात थेटच असते, मग ते श्रोत्यांसमोर असो की स्टुडिओत. ते ध्वनिमुद्रित करून गाणाऱ्याच्या संमतीविना वापरले तर तिच्या हक्काचा भंग होतो. पुढे २०१३ च्या कॉपीराइट नियमांनीही स्टुडिओतील ध्वनी-चित्रमुद्रण हे सादरीकरणच आहे, असे नमूद केले. म्हणजे या लेखाचा विषय असलेल्या प्रकाराला कायद्याने पुरते ओळखले आहे.

मधल्या काळात, जून २०१२ मध्ये, मोठी दुरुस्ती लागू झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी किल्ला लढवला होता. तिने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो करार करूनही सोडून देता येत नाही. आणि सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टी मिळेल व सादरकर्ता म्हणून त्याचे नाव लागेल, अशी तरतूद केली. २०१८ मध्ये भारत सादरीकरणे व ध्वनिमुद्रणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचाही सदस्य झाला. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे?

गोम पुढे आहे. कायद्याच्या भाषेत कोणतेही दृश्य-मुद्रण आणि त्याच्यासोबतचा आवाज म्हणजे ‘चलचित्रपट’. त्यामुळे आयुष्यभर चित्रपटापासून लांब राहिलेला बँड स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर तीन गाणी वाजवतो, तेव्हा कायद्याच्या नजरेत तो एका चित्रपटात काम करत असतो. ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो त्या चित्रपटाचा निर्माता, म्हणून मालकही. सादरकर्त्याने लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला तो हरकत घेऊ शकत नाही. उरतो तो रॉयल्टीचा हक्क. स्वतःच लिहिलेल्या, स्वतःच चाल दिलेल्या आणि स्वतःच गायलेल्या गाण्याची ती चित्रफीत स्वतःच्या पानावर टाकायची तर संगीतकाराला दुसऱ्याची परवानगी लागते, ती यामुळे. एकरकमी मानधन, सर्व माध्यमांत, सर्व जगात आणि कायमचे, असा मजकूर असलेला छापील कागद चित्रीकरणाच्या दिवशी, वाद्ये जुळवण्याच्या गडबडीत पुढे केला जाणे हा या व्यवसायातील नित्याचा भाग आहे. कधी तर मानधनाऐवजी ‘प्रसिद्धी मिळेल’ एवढेच आश्वासन असते. आणि करार होतो तो बँडच्या प्रमुखाशी. त्या दिवसापुरता बोलावलेला ढोलकवादक किंवा बासरीवाला त्यात नावालाही नसतो.

इथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याप्रमाणे हस्तांतरण पाच वर्षांपुरते धरले जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. मौन कलावंताच्या बाजूचे आहे. म्हणून तर छापील कागदात मौन ठेवले जात नाही.

लोककलावंताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. बंगळुरूचा एखादा बँड स्वतःची रचना वाजवतो तेव्हा त्याच्याजवळ किमान दोन हक्क असतात, रचनाकाराचा आणि सादरकर्त्याचा. मांगणियार, बाउल किंवा कच्छचा वाईगायक जे गातो ते पिढ्यानुपिढ्यांचे असते. त्याचा कर्ता कायद्याला सापडत नाही. शहरातील संयोजक त्या गाण्याला गिटार आणि ड्रम जोडतो आणि त्या मांडणीवर त्याचे नाव लागते. ज्याने ते गाणे वडिलांकडून शिकून चाळीस वर्षे सांभाळले, त्याच्याजवळ उरतो फक्त सादरकर्त्याचा हक्क. बाकीच्यांसाठी जे पूरक उत्पन्न आहे, ते त्याच्यासाठी सर्वस्व आहे. आणि तोच हक्क वसूल करणे सर्वांत अवघड, कारण करार इंग्रजीत असतो, हिशेब ऑनलाइन असतो आणि गाव बाडमेरपासून साठ कोसांवर असते. गायकांच्या हक्कांसाठीची संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, पुढे वादकांनाही तिने सामावून घेतले. पण तिचा पाया चित्रपटगायकांचा आहे आणि धोऱ्यांमधल्या कमायचावाल्यापर्यंत पोहोचणे हे तिच्या एकटीच्या आवाक्यातले काम नाही.

निराळी वाट दाखवणारे काही प्रयत्न आहेत. ‘अनहद फाउंडेशन’ ही संस्था पाठीवर नेता येईल असा स्टुडिओ घेऊन लोककलावंताच्या गावी जाते, तिथेच ध्वनिमुद्रण व चित्रण करते आणि ते त्या कलावंताच्या हाती सोपवते, जेणेकरून पुढचा कार्यक्रम त्याला स्वतःच मिळवता यावा. स्टुडिओ-मैफलीचा मालक गाणारा असू शकतो, हे यातून सिद्ध होते. सरकारी पातळीवर ईशान्येने अधिक विचार केलेला दिसतो. १९७२ पासून दरवर्षी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करणाऱ्या शिलाँगमध्ये सरकारला संगीत कळले नसते तरच नवल. मेघालयाने २०२२ पासून स्थानिक कलावंतांना पर्यटनस्थळी आणि सार्वजनिक जागी सादरीकरणासाठी मानधन देणारा कार्यक्रम राबवला आहे. नागालँडने संगीताला उद्योगाचा दर्जा देऊन त्यासाठी स्वतंत्र कृतिदल नेमले. या दोन राज्यांनी बँडकडे कर बुडवणारी पोरे म्हणून न पाहता रोजगार म्हणून पाहिले, हे मला महत्त्वाचे वाटते.

कराचा विषय निघालाच आहे, तर वस्तू व सेवा कराची २०१७ ची अधिसूचना पाहा. लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकार सादर करणाऱ्या कलावंताला एका कार्यक्रमामागे दीड लाख रुपयांपर्यंतच्या मानधनावर सूट आहे. रॉक, जॅझ, रॅप यांना नाही. वार्षिक उलाढाल वीस लाखांखाली असलेल्यास नोंदणीच लागत नाही, हे खरे. पण नागालँड, मणिपूर, मिझोराम आणि त्रिपुरात ही मर्यादा दहा लाखांची आहे. म्हणजे ज्या प्रदेशांत गिटार घरोघरी आहे, तिथेच बँडला ही पायरी आधी लागते. मुंबईच्या ‘स्वदेशी’ समूहाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर ‘वारली रिव्होल्ट’ हे गीत केले. त्यात आरेतील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचे गायन आहे आणि त्याच्याच अंगाने जाणारे रॅप आहे. त्यातील लोककला कोणत्या मात्रेला संपते आणि करपात्र सेवा कोणत्या मात्रेला सुरू होते, हे कर अधिकाऱ्याने कोणत्या घराण्याकडे शिकून ठरवावे? हार्मोनियमवर बंदी घालणारी मनोवृत्ती गेली असे आपण समजतो. ती अधिसूचनांच्या परिशिष्टात राहायला गेली आहे.

जुन्या गाण्यांच्या नव्या सादरीकरणाविषयीचे कलमही असेच कालबाह्य आहे. कायदेशीर परवान्याच्या मार्गाने जायचे तर मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. ‘प्रत’ म्हणजे काय, हे फोनवर ऐकणाऱ्या पिढीला समजावून सांगणे कठीण. कोवळ्या बँडने ही रक्कम आणावी कुठून? मग तो परवान्याविना गातो, आणि एके दिवशी त्याची चित्रफीत न कळवता उतरवली जाते.

उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. आकाशवाणीची चारशेहून अधिक केंद्रे देशभर पसरलेली आहेत आणि त्यांतील अनेक ठिकाणी संगीतासाठीच बांधलेले स्टुडिओ आहेत. जळगाव, कटक, दिब्रुगड, धारवाड अशा गावांत त्या दर्जाची दुसरी खोली आजही सहज सापडायची नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारभारतीच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी सुमारे २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा भर यंत्रसामग्री, प्रक्षेपण आणि पोहोच यांवर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसारभारतीने ‘वेव्हज’ हे स्वतःचे ऑनलाइन व्यासपीठही सुरू केले. खोली आहे, यंत्रे येत आहेत, दाखवायला जागा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येक मोठ्या केंद्राने स्थानिक स्वतंत्र संगीतकारांसाठी, कोणत्याही संगीतप्रकारासाठी, राखून ठेवली तर खर्च तो किती? श्रेणीच्या चाचणीची अट इथे नको, भाषेचीही नको. बिदागी मात्र हवी, तीही प्रत्येक वादकाला वेगळी. आणि प्रसारणाचा हक्क ठरावीक वर्षांपुरता प्रसारभारतीकडे ठेवून ध्वनिमुद्रणाची एक प्रत आणि तिची मालकी कलावंताकडे राहावी. सरकारी संस्थेने असा नमुना-करार भारतीय भाषांत छापून वापरात आणला, की खासगी वाहिन्यांपुढे मांडायला संगीतकारांना निदान एक कागद मिळेल. आज तोही नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सरकारी स्टुडिओत सरकारविरोधी गाणे कोण गाऊ देईल? स्वतंत्र संगीताचा बराचसा जोम त्याच्या बोचरेपणात आहे, आणि केसकरांच्या काळचा अनुभव फार आश्वासक नाही. प्रसारभारती १९९७ पासून कागदोपत्री स्वायत्त आहे. प्रत्यक्षातील स्वायत्ततेविषयी वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये. राज्य सरकारे, विद्यापीठांचे संगीत विभाग, सामुदायिक रेडिओ केंद्रे यांनाही हे करता येईल. सामुदायिक रेडिओकडे पैसा नसतो, पण गावातला गायक कोण हे त्याला दिल्लीपेक्षा नक्कीच अधिक ठाऊक असते.

सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षे टिकतो. २०१३ मध्ये केरळातील त्या स्टुडिओत जे वाजले, त्यावरील वादकांचा हक्क ३१ डिसेंबर २०६३ रोजी संपेल. तेव्हा पंचविशीत असलेला वादक त्या दिवशी पंच्याहत्तर वर्षांचा असेल. तोवर ते गाणे कोणकोणत्या यंत्रांवरून वाजेल, याचा अंदाज आज कोणीही करू शकत नाही; त्या दिवशी कोण काय वाजवत होते याची नोंद मात्र आजच करून ठेवता येते, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.